नागरिकाच्या अर्जाला उत्तर कसे द्यावे: पोच देण्यापासून फाईल बंद करण्यापर्यंत

‘आपल्या अर्जावर नियमानुसार कार्यवाही करण्यात येत आहे.’ एवढेच लिहून जावक झालेली पत्रे मी सोलापुरातल्या कार्यालयांत वर्षानुवर्षे पाहिली, सुरुवातीच्या काळात स्वतः लिहिलीही. पत्र गेले की आपल्या दप्तरी अर्ज निकाली निघतो. पण तोच माणूस पंधरा दिवसांनी पुन्हा खिडकीशी उभा असतो. काम होणार का, कधी होणार, आता त्याने काय करायचे, यातले काहीच त्याला त्या पत्रातून कळलेले नसते. मग तो दुसरा अर्ज देतो, त्यानंतर माहिती अधिकारात विचारतो, शेवटी लोकशाही दिनाला, म्हणजे तक्रारी ऐकण्यासाठी महिन्यातून एकदा ठेवलेल्या दिवशी येतो. एका अर्जाचे चार कागद होतात आणि चारही आपल्याच टेबलावर येऊन पडतात.

हा लेख टेबलावर बसणाऱ्यांसाठी आहे: आवक-जावक पाहणारे, झोन कार्यालयातले लिपिक, ग्रामपंचायतीत एकट्याने दहा कामे ओढणारे. उदाहरणे बहुतेक महापालिकेची आहेत, पण क्रम सगळीकडे तोच चालतो.

## आधी तयारी: चार कागद हाताशी ठेवा

पहिला कागद आपल्या कार्यालयाच्या नागरिकांच्या सनदेचा. भिंतीवरचा फलक पाहून समाधान मानू नका, त्यातल्या तुमच्या टेबलाशी संबंधित सेवा स्वतःच्या हाताने एका पानावर उतरवून घ्या. सेवा कोणती, किती दिवसांत, कोणाच्या सहीने, कोणती कागदपत्रे लागतात.

दुसरा, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली तुमच्या कार्यालयाच्या अधिसूचित सेवांची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत द्याव्याच लागणाऱ्या सेवांची यादी. प्रत्येक सेवेपुढे पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि दोन्ही अपिलीय अधिकारी यांची पदनामे असू द्या.

तिसरा कागद कोणीच करत नाही, आणि सर्वांत जास्त वेळ तोच वाचवतो: ‘हे काम कोणाचे’ याची यादी. गटार कोणाचे, पथदिवा कोणाचा, विजेच्या खांबावर लोंबणारी तार कोणाची, रस्ता कोणाचा. विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोड अशा मोठ्या रस्त्यांचा कोणता भाग कोणत्या यंत्रणेकडे आहे, हे अभियंत्यांना विचारून एकदाच लिहून ठेवा. नाहीतर प्रत्येक खड्ड्याचा अर्ज दोन-तीन कार्यालये फिरून परत येतो.

चौथा, भाषेची यादी. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलली जाते. कार्यालयात तेलुगू कोणाला येते, कन्नड कोणाला येते, त्यांची नावे आणि बसण्याची जागा लिहून खिडकीपाशी चिकटवा. यासाठी वेगळा दुभाषा नेमावा लागत नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारायची असते, ती कोणाला मारायची हे ठाऊक असले पाहिजे.

## टप्पा १: अर्ज घेताना तो समोरच वाचा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. शिक्का मारून कागद ट्रेमध्ये टाकला जातो आणि तीन दिवसांनी कोणीतरी तो पहिल्यांदा वाचतो. तेव्हा कळते की पत्त्यात फक्त ‘विडी घरकुल’ एवढे वस्तीचे नाव लिहिले आहे, फोन नंबर नाही, आणि दोन पाने भरून लिहिलेल्या अर्जात नेमकी मागणी काय तेच सापडत नाही. अर्जदार समोर असताना दोन मिनिटांत झाले असते ते काम आता एक पत्र आणि पंधरा दिवस खाते.

म्हणून अर्जदार जाण्याआधी अर्ज वाचा आणि चार गोष्टी विचारून पेन्सिलीने समासात लिहा. नेमके काय हवे आहे? कुठे (घर क्रमांक आणि जवळची खूण)? कधीपासून? याआधी कोणाकडे, कधी सांगितले होते? शेवटचा प्रश्न गाळू नका. जुना आवक क्रमांक मिळाला तर अर्धी चौकशी तिथेच आटोपते.

लिहिता न येणारा माणूस आला तर ‘बाहेरून लिहून आणा’ म्हणू नका. बाहेर लिहून देणारा पैसे घेतो, आणि त्याच्या शब्दांत मूळ तक्रार हरवते. समोर बसवून चार ओळी तुम्हीच लिहा, वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या आणि खाली ‘अर्जदारास वाचून दाखविले’ असे लिहून स्वतःची सही करा.

पूर्व भागातली एखादी विडी कामगार बाई खिडकीशी येऊन ‘नीळ्ळु रालेदु’ म्हणते, कन्नड बोलणारी ‘नीरु बंदिल्ल’ म्हणते. दोघी एकच सांगताहेत, पाणी आले नाही. एवढे शब्द तरी खिडकीवरच्या माणसाला समजले पाहिजेत. पुढचे बोलणे भाषेच्या यादीतल्या सहकाऱ्यामार्फत करा. सोबत आलेल्या शाळकरी मुलाला किंवा फाटकात उभ्या असलेल्या मध्यस्थाला दुभाषा करू नका. मूल घाबरून निम्मेच सांगते, आणि मध्यस्थ स्वतःला हवे ते सांगतो.

सावधान: अर्ज आपल्या कार्यालयाचा नाही म्हणून परत करू नका. घ्या, पोच द्या, योग्य कार्यालयाकडे पाठवा आणि अर्जदाराला कळवा. भर उन्हाळ्यात, पारा ४२ अंशांच्या वर असताना, म्हाताऱ्या माणसाला सात रस्त्यावरून महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीत आणि तिथून आणखी कुठेतरी पिटाळणे कोणत्याही नियमात बसत नाही.

तपासा: पोच म्हणजे नुसता गोल शिक्का नव्हे. त्यावर आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही हवी. क्रमांक नसेल तर पुढच्या वेळी अर्जदार काय दाखवणार आणि तुम्ही काय शोधणार?

## टप्पा २: नोंद करा आणि कोणते घड्याळ सुरू झाले ते ठरवा

बारनिशीत (आवक नोंदवहीत) विषयाच्या रकान्यात ‘विनंती अर्ज’, ‘तक्रारीबाबत’ असे लिहू नका. ‘दत्त नगर, पाण्याचा दाब कमी’ असे लिहा. दोन महिन्यांनी तुम्हालाच शोधायचे आहे.

नोंद करतानाच अर्ज कोणत्या वाटेचा आहे ते ठरवा, कारण प्रत्येक वाटेची मुदत वेगळी.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खालचा अर्ज असेल तर ३० दिवस. विषय दुसऱ्या प्राधिकरणाचा असेल तर तो ५ दिवसांच्या आत तिकडे वर्ग करून अर्जदाराला कळवायचे असते. हे पाच दिवस बहुतेक वेळा ट्रेमध्येच संपतात.

अधिसूचित सेवेचा अर्ज असेल तर त्या सेवेसाठी ठरलेले दिवस. अर्जदाराला अर्जाचा क्रमांक द्यायचा असतो, कारण त्यावरून तो आपला अर्ज कुठवर आला हे पाहू शकतो. विनाकारण उशीर झाला तर दंड ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो, तोही जबाबदार अधिकाऱ्याला.

लोकशाही दिनाचा अर्ज असेल तर त्याचा नमुना ठरलेला आहे. जिल्हास्तरावर तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तिथे वैयक्तिक स्वरूपाची तक्रार घेतली जाते, न्यायालयात चालू असलेली प्रकरणे घेतली जात नाहीत. हे आधीच सांगितले तर माणसाचा एक महिना वाचतो.

बाकी सगळ्या साध्या अर्जांसाठी शासकीय कार्यालयांना २००५ चा विलंब प्रतिबंधाचा कायदा आहे. साधारणपणे एका टेबलावर फाईल ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसेल तर ४५ दिवसांत आणि गरज असेल तर ३ महिन्यांत निर्णय व्हावा. महापालिकेच्या टेबलावरही हेच माप लावावे असे माझे मत आहे.

तपासा: अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने मुदतीची तारीख. दिवसांची संख्या नको, तारीखच लिहा.

## टप्पा ३: आतल्या माणसाला नेमके विचारा

नागरिकाला मोघम उत्तर जाते, कारण आपण आत मोघम विचारलेले असते. ‘सोबत अर्ज जोडला आहे, तपासून अहवाल सादर करावा’ असे लिहिले की कनिष्ठ अभियंता ‘पाहणी केली, कार्यवाही सुरू आहे’ एवढेच लिहून पाठवतो. त्यात त्याची चूक कमी आणि आपली जास्त. आपण प्रश्नच विचारलेला नसतो.

असे लिहून पाहा:

*‘१) सदर गल्लीत मागील तीन पाळ्यांना पाणी किती वाजता आले व किती वेळ होते? २) दाब कमी असल्याचे कारण काय आढळले? ३) दुरुस्ती लागत असल्यास कोणत्या तारखेपर्यंत होईल? कृपया बुधवार दि. १२ पर्यंत कळवावे. अर्जदारास दि. १४ ला उत्तर द्यावयाचे आहे.’*

तीन प्रश्न, एक तारीख, आणि तारखेचे कारण. शेवटचे वाक्य मुद्दाम घाला. पुढे कोणीतरी वाट पाहत आहे हे दिसले की उत्तर लवकर येते, हा माझा अनुभव आहे.

पाण्याच्या तक्रारीत चावीवाल्याशी बोलल्याशिवाय टिपणी लिहू नका. कोणती चावी किती वाजता उघडली हे त्याला जितके ठाऊक असते तितके कागदावर कधीच उतरत नाही. त्याचे म्हणणे टिपणीत ‘चावीवाल्याकडून समजले की’ असे लिहून नोंदवा.

व्हॉट्सअॅपबद्दल. निरोप द्यायला, फोटो मागवायला ते चांगले आहे. पण ग्रुपवर साहेबांनी ‘करून टाका’ म्हटले म्हणजे निर्णय झाला असे नाही. त्याच दिवशी फाईलवर दोन ओळींची टिपणी ठेवा आणि सही घ्या. अधिकाऱ्याची बदली झाली, फोन बदलला की ग्रुपवरचा निर्णय कोणालाच सापडत नाही. आणि अर्जदाराचा आधार क्रमांक, आजारपणाचे कागद, घरगुती भांडणाचा तपशील असलेला अर्ज ग्रुपवर टाकूच नका. पन्नास जणांच्या मोबाईलमध्ये तो कायमचा जाऊन बसतो.

साहेबांपुढे जाणारी टिपणी एका पानात बसवा: अर्जदार काय मागतो, वस्तुस्थिती काय आढळली, नियम काय म्हणतो, काय करावे असे सुचवता. ‘आदेशार्थ सादर’ म्हणून प्रश्न जसाच्या तसा वर ढकलू नका. सुचवणे हे आपले काम आहे.

## टप्पा ४: उशीर होणार असेल तर मुदतीआधी कळवा

अहवाल आला नाही तर आपण गप्प बसतो, ते चुकते. मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी तीन ओळींचे अंतरिम उत्तर पाठवा: अर्ज कोणाकडे आहे, कशासाठी थांबला आहे, पुढचे उत्तर कोणत्या तारखेला मिळेल. दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवला असेल तर त्या कार्यालयाचे नाव आणि आपला जावक क्रमांकही द्या. अंतरिम उत्तरात दिलेली तारीखही लाल शाईने कोपऱ्यात चढवा.

## टप्पा ५: अंतिम उत्तर लिहा

इथे सावकाश काम करा, हाच कागद माणसाच्या घरी राहणार आहे.

एका कार्यालयात असताना मिळकत कराच्या नोंदीवर नाव लावण्यासाठी एक गिरणी कामगार गृहस्थ यायचे. वडील वारले होते, नाव बदलायचे होते. त्यांना उत्तर गेले, ‘आवश्यक कागदपत्रांची पूर्तता करावी.’ कोणती कागदपत्रे, ते लिहिले नव्हते. ते मृत्यूचा दाखला घेऊन आले, तेव्हा वारसांची संमती हवी म्हणून सांगितले. संमती आणली, तर कराची थकबाकी निघाली. ती भरून आले, तर अर्ज जुन्या नमुन्यात आहे म्हणून परत पाठवले. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला ते काही बोलले नाहीत, फक्त कागदांची पिशवी टेबलावर ठेवून उभे राहिले. ते पत्र मी लिहिले होते. त्या दिवसापासून अपुऱ्या कागदांची यादी मी एकदाच, पूर्ण, क्रमांक घालून देतो.

आता एकाच तक्रारीची दोन उत्तरे पाहा. पहिले, नेहमीचे:

*‘उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, आपल्या संदर्भीय अर्जाच्या अनुषंगाने संबंधितांस सूचना देण्यात आल्या असून पुढील आवश्यक ती कार्यवाही नियमानुसार करण्यात येत आहे.’*

दुसरे:

*‘आपल्या घरासमोरील गटार तुंबल्याची तक्रार (आवक क्र. … दि. …) मिळाली. दि. १० रोजी पाहणी केली. गटारात दगड-माती साचली असून ती यंत्राने काढावी लागेल. हे काम शुक्रवार दि. १४ पर्यंत पूर्ण होईल. त्या दिवशी सकाळी ८ ते ११ या वेळेत गल्लीतील वाहने बाजूला ठेवावीत. काम न झाल्यास झोन कार्यालयातील आरोग्य निरीक्षक यांना दूरध्वनी क्र. … वर वरील आवक क्रमांक सांगावा.’*

दुसरे पत्र फारसे लांब नाही, पण लिहायला अवघड आहे, कारण त्यासाठी तारीख ठाऊक असावी लागते. म्हणूनच टप्पा ३ चुकवता येत नाही.

पहिल्याच वाक्या-दोन वाक्यांत निकाल सांगा. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘अनुषंगाने’ हे शब्द काढले तर काही बिघडत नाही. कर्मणी प्रयोगामागे लपू नका. ‘सूचना देण्यात आल्या’ म्हणजे कोणी कोणाला दिल्या, ते पदनामासह लिहा.

नकार द्यायचा असेल तर तो स्पष्ट शब्दांत द्या. ‘विचार करता येणार नाही’ असे म्हणून अर्धवट दार उघडे ठेवले की माणूस वर्षभर चकरा मारतो. नकाराच्या पत्रात तीन गोष्टी हव्याच: कारण, कोणत्या नियमाने, आणि दाद कुठे मागायची. लोकसेवा हक्क कायद्याखाली पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे ३० दिवसांत आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे ६० दिवसांत करता येते. माहिती अधिकारात नाकारतानाही कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. अपिलाचा रस्ता दाखवला तर आपल्यावर उलटेल ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली. कारण खरे असेल तर नकार अपिलातही टिकतो.

तपासा: सहीला पाठवण्याआधी कार्यालयाच्या शिपायाला किंवा त्या विषयाशी संबंध नसलेल्या कोणालाही पत्र मोठ्याने वाचून दाखवा. ‘आता या माणसाने काय करायचे?’ असे विचारा. त्यांना सांगता आले नाही तर पत्र पुन्हा लिहा.

## टप्पा ६: पत्र पोचले का ते पाहा

जावक झाले म्हणजे पोचले असे नाही. पत्त्यातली गल्ली अर्धवट, घर भाड्याचे, टपाल परत, असे नेहमीचे आहे. फोन नंबर घेतलेला असेल तर जावक झाल्या दिवशी एक फोन करा आणि पत्रातला मुख्य मुद्दा सांगा. मराठी वाचता न येणाऱ्या अर्जदाराला हा फोन त्याच्या भाषेत जाऊ द्या. टपाल परत आले तर पाकीट फाईलला लावून गप्प बसू नका, पुन्हा फोन करा.

## टप्पा ७: काम झाल्यावरच ‘निकाली’ लिहा

ऑनलाईन तक्रारींत हा रोग जास्त आहे. मुदतीचा आकडा लाल दिसू नये म्हणून ‘संबंधित विभागास कळविले’ असा शेरा मारून तक्रार बंद होते. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडायला नागरिक नव्याने लिहितो, आणि आता त्याचा राग दुप्पट असतो. तक्रार वर्ग केली म्हणजे ती निकाली निघाली असे धरू नका. वर्ग केल्याची वेगळी नोंद ठेवा आणि प्रत्यक्ष काम झाल्याचा फोटो, पाहणीची तारीख किंवा अर्जदाराचा होकार फाईलला लागल्यावरच बंद करा.

## टप्पा ८: एकाच गल्लीचे पाच अर्ज आले तर

मग पाच पत्रे लिहू नका. गल्लीत जा, किंवा चौकात सूचना लावा.

सोलापुरात अशा अर्जांत पाण्याची पाळी सर्वांत वर असते. पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. त्यामुळे पाळी चुकली की त्या घराचे दिवसच्या दिवस कोरडे जातात. उजनी धरणातून थेट जलवाहिनीने येणारे पाणी पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते, भीमेवरच्या औज बंधाऱ्यातले टाकळीहून सोरेगावच्या केंद्रात. यांपैकी एखाद्या ठिकाणी वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की वेळापत्रक पुढे सरकते. हे लोकांना समजते, ते कारण मान्यही करतात. न सांगता पाळी बदलली की मात्र ते रस्त्यावर घागरी घेऊन बसतात, आणि ते बरोबर असतात.

सूचनेत एवढे असू द्या: कोणत्या वस्त्या (लोकांच्या तोंडी असलेल्या नावांनी), कोणता वार आणि कोणती वेळ, कारण एका वाक्यात, पूर्ववत कधी होईल, विचारायचे कोणाला. ‘अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव’ हे शब्द लिहू नका. ‘पाकणी येथे वीज बंद असल्याने’ असे लिहा. जिथे गरज आहे तिथे तीच सूचना तेलुगू, कन्नड, उर्दूत रिक्षावरच्या भोंग्यातून वाचून दाखवा.

बैठक घ्यायची तर वेळ आधी वस्तीतच विचारा. विड्या वळणाऱ्या बायका विड्या द्यायला कारखान्यात जातात, यंत्रमागावरची माणसे पाळीवर असतात. सकाळी ११ ची बैठक आपल्या सोयीची असते आणि तिला येतात ते नेहमीचेच पाच जण. बैठकीत जे कबूल केले ते तिथेच मोठ्या कागदावर लिहा: काम, कोण करणार, तारीख. कागद तिथल्याच भिंतीवर लावून या आणि त्याचा फोटो फाईलला ठेवा.

सावधान: आपल्या अधिकारात नसलेले कबूल करू नका. ‘मंजुरी साहेबांकडे आहे, मी शुक्रवारी प्रस्ताव ठेवतो, सोमवारी तुम्हाला फोन करतो’ हे सांगा, आणि सोमवारी फोन करा. मंजुरी मिळाली नसेल तरीही.

महिन्याच्या शेवटी बारनिशीचे महिन्याचे पान काढून विषयाच्या रकान्यावरून बोट फिरवा. एकाच वस्तीचे नाव तीनदा आले असेल तर पुढचा अर्ज येण्याआधी अभियंत्याला घेऊन तिथे जाऊन या.